न बघितलेली स्लाइड

मी काय काम करत होते हे आमच्या घरात आजही कुणी धड सांगत नाही. लग्नकार्यात ओळख करून देताना सासरची माणसं "ही दवाखान्यात असते" एवढ्यावर भागवायची. नवरा त्यातल्या त्यात धीट, तो "रक्त-लघवी तपासते" म्हणायचा. मी जे तपासत होते त्याचं नाव चारचौघांत काढायची सोय नव्हती, आणि त्याच कामावर माझ्या घराचं छप्पर झालं, दोन मुलींची शिक्षणं झाली. अंकाच्या संपादकबाईंनी सांगितलं, "तुमच्या कामाचं लिहा, पण दिवाळीत वाचवेल असं लिहा." वाचवेल की नाही ते मला माहीत नाही. फराळ उरकून मग वाचा.

बारामतीतल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन होते. गावोगावच्या बायकांनी मला आयुष्यभर नर्सबाई म्हटलं आणि मीही सुधारायचा नाद सोडून दिला. नव्वदच्या दशकात आमच्या डॉक्टरबाईंनी एक गोष्ट मनावर घेतली. बारामती आणि इंदापूर तालुक्यातून बायका दवाखान्यात यायच्या. कंबर दुखते, हातापायांची आग होते, जीव घाबरतो, असं सगळं सांगायच्या. आणि औषध घेऊन उठल्यावर, दाराशी पोचल्यावर, चपला शोधता शोधता म्हणायच्या, "अंगावरनं बी जातंय जरा." ते 'जरा' दोन-दोन, चार-चार वर्षांचं असायचं.

तपासून नमुना पुण्याला पाठवला तर रिपोर्ट यायला आठवडा. तोवर बाई कुठली परत येते? म्हशीची धार, खुरपणीतून सवड, सासूची परवानगी आणि एसटी हे सगळं एका दिवशी जुळलं तेव्हा ती एकदा आलेली असते. पुन्हा जुळेल तेव्हा वर्ष गेलेलं असतं. म्हणून डॉक्टरबाई म्हणाल्या, आपणच गावात जायचं आणि बाई बसलीय तोवर निकाल सांगून, गोळ्या देऊन मोकळं व्हायचं. आज असल्या तपासणीला मोठमोठी नावं आहेत. आम्ही तिला 'जागच्या जागी' म्हणायचो.

आमची सगळी लॅब एका पत्र्याच्या ट्रंकेत मावायची. डॉक्टरबाई पडद्याआड बाईला तपासायच्या आणि कापसाच्या काडीवर आतला नमुना घेऊन मला द्यायच्या. ती काडी आधी एका पिवळ्या कागदाच्या पट्टीवर टेकवायची. निरोगी, पाळी सुरू असलेल्या बाईच्या अंगातला ओलावा आंबट असतो, म्हणून पट्टी पिवळी राहते. आंबटपणा गेला की ती हिरवी होते, आणखी गेला की निळी. मग काचेच्या पट्टीवर, म्हणजे स्लाइडवर, मिठाच्या पाण्याच्या थेंबात तोच नमुना कालवून मायक्रोस्कोपखाली धरायचा. ट्रायकोमोनास नावाचा एक जीव असतो, तो असला तर थेंबात गिरक्या घेत पळताना दिसतो. मात्र जिवंत असेतोच. स्लाइड पंधरा मिनिटं बाजूला पडली, वाळली, की तो थांबतो, आणि थांबलेला ओळखू येत नाही. शेवटी दुसऱ्या थेंबात एक तिखट रसायन टाकून वास घ्यायचा. शिळ्या मासळीसारखा वास आला तर निराळा आजार. वास घ्यायला यंत्र नव्हतं, माझंच नाक होतं. त्या नोकरीत मी अत्तर लावायचं सोडलं ते सोडलंच.

ट्रायकोमोनास दिसला तर बाईला पाच गोळ्या एकदम, आमच्या समोर गिळायच्या. तेवढ्याच पाच नवऱ्यालाही, कारण हा जीव नवराबायकोत इकडून तिकडं जातो. एकालाच औषध दिलं तर दुसऱ्याकडून परत येतो. नवऱ्याच्या गोळ्या पुडीत घालून बाईच्या हाती द्यायच्या आणि बरोबर एक चिठ्ठी. चिठ्ठीत लिहिलेलं असायचं, "हा आजार जोडीदाराकडून लागतो, म्हणून दोघांनी औषध घ्यावे." अक्षर माझं, शिक्का दवाखान्याचा.

गिऱ्हाइकं एकेक नग असायची. इंदापूरकडच्या एका गावात एक बाई अडून बसली, मला त्या नळीतून बघू द्या. बघू दिलं. बराच वेळ डोळा लावून होती. मग म्हणाली, "ही पळत्यात ती माझ्यातली?"

"हो."

"आन् आमच्या ह्यांच्यात बी असणार?"

"असणार."

नवरा बाहेर लिंबाखाली सायकल धरून उभा होता. ही पुडी घेऊन गेली, त्याच्या हातात तांब्या दिला आणि म्हणाली, "आ करा." त्यानं मुकाट्यानं आ केला. डॉक्टरबाई आणि मी खिडकीतून बघून पोट धरून हसलो. आणि दुसऱ्या एका गावात शाळेची किल्ली ज्यांच्याकडे असायची ते तात्या रुसून बसले. "समदं बायकास्नीच का? आमी काय पाप केलंय? आमचं बी कायतरी तपासा." त्यांचं समाधान म्हणून लघवी तपासली तर तीत साखर निघाली. तेव्हापासून तात्या येईल त्या पाहुण्याला सांगायचे की आपला रोग या बाईनं पकडला.

त्या 'आ करा' बाईचा किस्सा मी इतक्या वेळा सांगितला की पुडी बायकोच्या हाती दिली की काम झालं, असं माझं पक्कं मत होऊन बसलं. सगळ्याच बायका तशा नसतात आणि सगळे नवरे तोंड उघडत नाहीत, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आता सांगवीचं सांगते.

सांगवीत आमच्या ओळखीची कौसाबाई होती. गावची दाई, अर्ध्या गावाची नाळ तिनं कापलेली. शिबिराच्या आदल्या दिवशी घरोघर फिरून बायका गोळा करायचं काम तिचं. तिनं इतक्या बायका गोळा केल्या की शाळेच्या दोन खोल्या भरल्या. उन्हाळ्याचे दिवस, वर पत्रा. पहिल्याच बाईनं खिडकीकडे बघितलं आणि ती टेबलावर चढेना. बाहेरच्या पटांगणात माणसं होती. मग बायकांनीच लुगडी आणून खिडक्या झाकल्या, दाराला चादर लावली. डॉक्टरबाईंना तेवढ्याशा बॅटरीच्या उजेडात तपासता येत होतं. माझी मात्र पंचाईत झाली. माझा मायक्रोस्कोप आरशाचा, खिडकीचा उजेड आरशात धरून चालणारा. खिडकीच झाकल्यावर मी काय बघणार?

मायक्रोस्कोप उचलून व्हरांड्यात नेला. दोन मिनिटांत भोवती पाच-सहा माणसं. "काय दिसतंय बाई? आमाला बी दाखवा की." आत बायका कावऱ्याबावऱ्या झाल्या, कारण आपलं काय बाहेर नेलं आणि ते गडी बघताहेत, हे त्यांना कळत होतं. एकदोघी उठून घरी जायला निघाल्या. मी चिडले, माणसांना हाकललं, ती पुन्हा आली. शेवटी मायक्रोस्कोप ट्रंकेत घातला आणि आत जाऊन कागदावर आणि नाकावर काम सुरू केलं. स्लाइडा करत होते, कडेला ठेवत होते, त्या वाळत होत्या. मनाशी म्हणत होते, गर्दी ओसरली की बघू.

त्या दिवशी कागद निळे होत होते. एकामागून एक. वास कुठंच येत नव्हता, पण घामानं आणि पत्र्याच्या तापानं नाक मेलं असेल असं मी धरून चालले. मधेच शालन आली. चोवीस-पंचवीसची, बारीक, हसरी, कडेवर तीन वर्षांची मुलगी. सासूही बरोबर आलेली, तिचीही तपासणी होती. शालनचा कागद गर्द निळा. डॉक्टरबाई पडद्यामागून म्हणाल्या, "आत लालभडक आहे. स्लाइड बघितलीस का?"

मी म्हटलं, "हो."

"ट्रायको?"

"दिसले."

का म्हटलं, हे मी आजवर स्वतःला शंभरदा विचारलंय. भूक लागली होती, उकडत होतं, बाहेर अजून बऱ्याच बायका होत्या, ही कारणं खरी आहेत पण पुरेशी नाहीत. खरं म्हणजे मला खात्री होती. इतकी वर्षं बघून बघून मला वाटायला लागलं होतं की न बघताही मला कळतं. त्या दिवशी आणखी तिघींच्या बाबतीत मी असंच 'हो' म्हटलं. चौघींनी गोळ्या गिळल्या, चौघींना पुडी आणि चिठ्ठी मिळाली. वाळलेल्या स्लाइडा मी दवाखान्यात येऊन धुऊन टाकल्या.

तीनेक आठवड्यांनी कौसाबाई दवाखान्यात आली. बसली, पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "शालनला लावून दिली कळंबला."

कळंब म्हणजे शालनचं माहेर, इंदापूर तालुक्यात. लावून दिली म्हणजे चार दिवसांसाठी नव्हे, हे सांगायला कौसाबाईनं वेगळं काही बोलायची गरज नव्हती.

झालं होतं ते असं. शालनचा नवरा दत्तू. घरात पूर्वी मेंढरं होती, आता कालव्याच्या पाण्यावर ऊस आणि गोठ्यात चार म्हशी. दत्तू सकाळी डेअरीवर दूध घालायला जायचा. तिथं त्यानं चिठ्ठी कुणा शहाण्याला वाचायला दिली. शहाण्यानं मोठ्यानं वाचली. 'जोडीदाराकडून लागतो.' दत्तू घरी येऊन म्हणाला, "मी तर कुठं गेलो न्हाय. मग हिनं कुठनं आणला?" सासूनं मुलगी ठेवून घेतली आणि शालनला एसटीत बसवलं. बाकी तिघींच्या नवऱ्यांनी गोळ्या गटारात टाकल्या होत्या आणि विषय संपला होता. दत्तू मेला प्रामाणिक, त्यानं चिठ्ठी वाचून घेतली.

मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण मी कौसाबाईला काय सांगितलं, तर "रोग आहे तो आहे. आपण काय करणार? दत्तूच कुठंतरी गेला असेल." हे बोलताना माझा आवाज जराही हलला नाही.

पुढच्याच आठवड्यात जळोचीला शिबिर होतं. जळोची बारामतीला लागूनच. तिथं वीज होती, मला टेबलावर दिवा मिळाला, मायक्रोस्कोप लख्ख चालत होता. पहिली बाई आली, कागद निळा. स्लाइड बघितली, काही नाही. दुसरी, कागद निळा, स्लाइड स्वच्छ. तिसरी, चौथी, तसंच. आणि डॉक्टरबाई पडद्यामागून प्रत्येकीला म्हणताहेत, "आत लाल झालंय गं, आग होते का?" मला वाटलं कागदाचं पुडकं खराब झालं. थोडं लिंबू मागवून पट्टी बुडवली तर पिवळी. पुडकं ठीक होतं.

पाचवी एक पोक्त बाई होती, बोलायला मोकळी. मी विचारलं, "मावशी, घरनं निघताना काही लावलंत का आत?"

"लावीन कशाला? धुतलंय."

"पाण्यानं?"

"न्हाय ओ. साबणानं. चांगलं आत बोट घालून धुतलंय, कापडाच्या साबणानं. आग झाली, पर म्हटलं होऊ दे. बाईमाणूस हात लावणार, तिच्यापुढं घाण घिऊन कसं जायाचं?"

मी कापडाच्या साबणाची वडी मागवली. पाण्यात खसखसून पट्टी बुडवली. ती बघता बघता गर्द निळी झाली, सांगवीत शालनची झाली होती तशीच.

देवळात जाताना माणूस अंघोळ करून जातं तशा या बायका आमच्याकडं येत होत्या. कौसाबाईनं घरोघर सांगितलं होतं, "स्वच्छ होऊन या गं." जळोचीतही कुणीतरी तेच सांगितलं होतं. साबणानं आंबटपणा जातो, कागद निळा होतो, आत लाल होतं. नाक मेलेलं नव्हतं, वास नव्हताच. माझं नाक आणि माझी स्लाइड खरं सांगायला तयार होती, मीच एकाचं ऐकलं नाही आणि दुसरी बघितली नाही.

जीपमध्ये परत येताना डॉक्टरबाईंना सांगितलं. साबणाचं आधी सांगितलं, तेव्हा त्या हसल्या. मग म्हणाल्या, "पण सांगवीत तर तुला ट्रायको दिसले होते."

"दिसले नव्हते. मी बघितलंच नव्हतं."

दवाखान्याच्या दारात उतरताना डॉक्टरबाई म्हणाल्या, "उद्या कळंब."

कळंबला शालन बापाच्या रानात भेंडी तोडत होती. हाताला फडकं बांधलेलं. आम्हाला बघून उठली नाही. बापानं बाज टाकली, चहा ठेवायला सांगितलं. भला माणूस, त्यानं एकही वाकडा शब्द काढला नाही, त्याचाच मला जास्त त्रास झाला. मी ट्रंक उघडायला लागले तशी डॉक्टरबाई म्हणाल्या, "राहू दे. तपासून काय करणार?"

"स्वच्छ आहे हे तरी दाखवू."

"तिनं गोळ्या खाल्ल्यात. आज स्वच्छच दिसणार. ते म्हणतील, औषधानं गेला. तेव्हा नव्हता हे आता कुठलाही मायक्रोस्कोप सांगू शकत नाही. तू सांगू शकतेस."

मी ट्रंक मिटली. शालन म्हणाली, "माझी पोर रातीला झोपत न्हाय म्हनं. एवढं करा बाई, काय सांगायचं ते सांगा, पर पोर आणून द्या." मी मान हलवली. त्या वेळी मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

सांगवीला डॉक्टरबाई जीपमधून उतरल्या नाहीत. "आत तू जा," म्हणाल्या.

ओट्यावर शालनचे सासरे, आबा, बसले होते. दत्तू गोठ्यातून हात पुसत आला. सासू चौकटीत उभी राहिली. मी वाकडंतिकडं न करता सांगून टाकलं. मी स्लाइड बघितली नव्हती. शालनला तो रोग असल्याचं मी खोटं सांगितलं. चूक माझी आहे, तिची नाही आणि दत्तूचीही नाही.

आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, तुमचं मन मोठं हाय. पोरीचा संसार मोडू नये म्हणून तुमी एवढ्या उन्हाच्या आलाय. पर आमच्यासाठी असं खोटं अंगावर घिऊ नका."

"आबा, मी आत्ता खरं सांगतेय. खोटं तेव्हा सांगितलं."

"चिठ्ठीवर शिक्का हाय दवाखान्याचा. शिक्का खोटा आन् तुमी खऱ्या, हे कसं मानायचं?"

तो शिक्का मीच मारला होता. मी साबण मागितला, वाटीत कालवला, त्यांच्यासमोर पट्टी निळी करून दाखवली, बायका कशा साबणानं धुऊन येतात ते सांगितलं. दत्तू वाकून बघत होता. म्हणाला, "साबणानं निळा हुतोय ते बघितलं. पर रोगानं बी निळाच हुतो, व्हय का न्हाय?"

"होतो."

"मग हिचा कशानं झाला, तुमाला तरी काय ठाव?"

पोरगं हुशार होतं. त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी न बघितल्यामुळं शालनला काय होतं आणि काय नव्हतं, हे आता खुद्द मलाही माहीत नव्हतं. मी फक्त एवढंच म्हणू शकत होते की मला माहीत नाही, आणि 'मला माहीत नाही' एवढ्या भांडवलावर कुणी सून परत आणत नाही.

सासू म्हणाली, "च्या टाकते," आणि आत गेली. मी शिबिराची वही घेतली आणि तिच्यामागं स्वयंपाकघरात गेले. कोपऱ्यात शालनची मुलगी भाकरीचा तुकडा हातात घेऊन बसली होती. मी खाली बसले, वही उघडली आणि हळू आवाजात विचारलं, "आत्या, त्या दिवशी तुम्ही साबणानं धुतलं होतं का?"

ती चुलीकडे बघत म्हणाली, "समद्यांनीच. शालनला साबण मीच दिला. ती नको म्हनत हुती."

मी वहीतल्या ओळीवर बोट ठेवलं. "हे तुमचं नाव. पुढं काय लिहिलंय सांगू? निळा. शालनचा जसा तसाच तुमचा."

तिनं वहीकडे बघितलं. वाचता येत नव्हतं, तरी बघत राहिली. "मग मला गोळ्या न्हाय दिल्या."

"तुमचं वय बघून मी 'स्लाइडमध्ये रोग दिसला' असं म्हटलं नाही. म्हटलं असतं, तर तीच चिठ्ठी तुमच्या हातात आली असती. आबांच्या नावाची पुडी आणि 'जोडीदाराकडून लागतो'."

चहा उतू गेला. तिनं तो उतरवला नाही, मी उतरवला. मग ती बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दत्तू, जीप हाय दारात. पोरीला संगं घे, कळंबला जा आन् शालनला घिऊन ये."

बाहेरून आबांनी विचारलं, "काय झालं?"

"झालं काय न्हाय. ह्या बाई खरं सांगत्यात."

इथं एक कबुली द्यायची राहिली आहे. पाळी गेलेल्या बाईचा कागद बऱ्याचदा साबणाशिवायही निळसर होतो. ते मला ठाऊक होतं आणि मी तिला सांगितलं नाही. आधीचं खोटं निस्तरायला मी दुसरं अर्धवट खरं वापरलं. डॉक्टरबाईंना नंतर सांगितलं तेव्हा त्या फक्त हूं म्हणाल्या. खोट्या रिपोर्टबद्दल ट्रस्टकडं माझ्याविषयी लेखी कळवलं गेलं, वर्षभर माझी बढती अडली आणि काही महिने मला शिबिरांना नेलं नाही. ते रास्तच होतं.

कळंबहून परत येताना दत्तू पुढं ड्रायव्हरजवळ बसला. मागं शालन, मुलगी आणि मी. डॉक्टरबाई डोळे मिटून होत्या. मुलगी आईच्या मांडीवर झोपून गेली होती. सांगवीचा फाटा जवळ आला तसं शालननं मला हळूच विचारलं, "बाई, तुमी त्या दिशी बघितलं असतं, आन् खरंच दिसलं असतं, तर आज तुमी मला आणायला आला असता का?"

मी म्हटलं, "नाही."

ती म्हणाली, "मला बी तसंच वाटलं." आणि पदर सावरून उतरायच्या तयारीला लागली.

पुढं आम्ही कामाची पद्धत बदलली. धुऊन यायचं नाही हे कौसाबाईनंच गावोगाव ठणकावून सांगायला सुरुवात केली. मायक्रोस्कोपला बॅटरीवरचा दिवा आला. पुडी आणि चिठ्ठी बाईच्या हाती द्यायची नाही, नवराबायको दोघांना बोलावून डॉक्टरबाईंनी समोर बसवून समजावायचं, असं ठरलं. निम्मे नवरे आलेच नाहीत, पण निदान चिठ्ठी कुणी दुधाच्या रांगेत वाचली नाही.

शालनचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना. एके दिवशी मी जुन्या वह्या काढल्या. ज्यांच्या स्लाइडमध्ये मी खरोखर डोळा लावून बघितलं होतं, गिरक्या घेणारे जीव मला स्वच्छ दिसले होते, आणि ज्यांच्या हाती मी पुडी आणि चिठ्ठी दिली होती, त्या बायकांची नावं उतरवून घेतली. सुट्टीच्या दिवशी कौसाबाईला बरोबर घेऊन त्या घरांना जायला लागले. बहुतेक घरी त्या बायका भेटल्या, बऱ्या होत्या, बस म्हणाल्या. एका घरी ती नव्हती. नवऱ्याला विचारलं तर "माहेरी" म्हणाला, आणि कधी गेली विचारलं तर वर बघितलंच नाही. आणखी एका घरी आमच्यासाठी चहा घेऊन आली ती दुसरीच बाई होती, गळ्यात नवं मंगळसूत्र. कौसाबाईनं माझ्याकडं बघितलं, आता बोला म्हणून. मी कप खाली ठेवला. त्या ओट्यावर सांगण्यासारखं माझ्याकडं काहीच नव्हतं. रिपोर्ट बरोबर होता.